ओटा, स्टूल आणि खिडकी

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ आली. रिडेव्हलपमेंटचे प्लॅन. कर्वेनगरातली आमची इमारत आता चाळिशीला आली आहे. तीन मजले, लिफ्ट नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळते. त्यामुळे पीडीएफ आल्याआल्या ग्रुपवर नमस्कार आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी कार्पेट एरिया मोजला, कुणी पार्किंग. आईने दोन बोटांनी स्क्रीन मोठी करत करत स्वयंपाकघर शोधलं आणि बराच वेळ तिथेच थांबली.

"सिंकसमोर खिडकी नाहीये गं. डक्ट आहे."

"एक्झॉस्ट असतो आई. आणि चिमणी बसवता येईल."

"आणि ओटा परत तेवढाच उंच?"

आईची उंची चार फूट अकरा इंच. या घरात आल्यापासून ती ओट्यासमोर लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहते आणि पोळ्या लाटते. आजीच्या घरी या पाटावर जेवायला बसायचे. मी लहानपणापासून तो पाट तिथेच बघत आले, म्हणून मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. त्या दिवशी प्रश्न पडला, हा ओटा नक्की कुणाच्या मापाने बांधला होता?

त्याचं उत्तर शोधताना मी पार १९२६ च्या जर्मनीत जाऊन पोचले, आणि तिथून परत आमच्याच गल्लीत आले. मधल्या वाटेवर जे दिसलं त्यावरून आधुनिक वास्तुकलेबद्दलचं माझं मत बदललं. ते मत इथे मांडायचं आहे.

पांढऱ्या पेटीची गोष्ट

आधुनिक वास्तुकला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इन्स्टाग्रामवरचं एक ठरावीक चित्र येतं. पांढऱ्या भिंती, सपाट छप्पर, आडव्या लांब खिडक्या, आत एक खुर्ची आणि एक झाड. तिची गोष्टही ठरलेली असते. १९१० च्या सुमारास व्हिएन्नात आडोल्फ लोस नावाच्या वास्तुकाराने नक्षीकामाला जवळजवळ गुन्हा ठरवलं. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिअसने वायमारला बाउहाउस ही शाळा काढली. १९२३ मध्ये ल कॉर्ब्युझिएने घराला राहण्याचं यंत्र म्हटलं. मग पॅरिसजवळ पॉइसीला त्याचा व्हिला साव्हॉय उभा राहिला, १९३१ मध्ये पुरा झाला आणि जगभरच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या भिंतीवर जाऊन बसला. तो गळायचा, आणि साव्हॉयबाई त्याबद्दल वास्तुकाराला तक्रारीची पत्रं लिहीत होत्या, हे त्या पोस्टरवर दिसत नाही. आमच्या गच्चीची तेवढीच काय ती जागतिक सोयरीक.

पण अशा पद्धतीने सांगितलं की ही सगळी भानगड आवडीनिवडीची वाटते. म्हणजे आधी लोकांना नक्षी आवडायची, मग साधेपणा आवडायला लागला. प्रत्यक्षात त्यामागे फार निकडीच्या गोष्टी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या शहरांत कामगारांना राहायला घरं नव्हती. जी होती ती अंधारी, कोंदट, एका खोलीत सातआठ माणसं कोंबलेली. क्षयावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपाय मानला जात होता. मोठ्या खिडक्या, गच्च्या, धूळ न धरणाऱ्या गुळगुळीत भिंती यांचं मूळ बऱ्याच अंशी त्या भीतीत आहे. फिनलंडमध्ये आल्वार आल्टोने १९३३ मध्ये पुरं केलेलं पाइमिओचं क्षयरुग्णालय बघितलं की पांढरा रंग हा फॅशनचा नव्हता, दवाखान्याचा होता, हे लगेच कळतं. दुसरीकडे पोलाद आणि आरसीसीमुळे भिंतींवरचा भार खांबांवर गेला. भिंत मोकळी झाली, खिडकी हवी तेवढी लांब करता आली.

म्हणजे सुरुवातीचा प्रश्न होता: कमी पैशांत, कमी जागेत, पुष्कळ माणसांना निरोगी घर कसं द्यायचं? घराचं रूप हे त्याचं उत्तर होतं. आपण उत्तराचे फोटो जपले आणि प्रश्न विसरलो.

फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर

हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे घेणाऱ्या शहरांपैकी एक होतं फ्रँकफुर्ट. १९२५ पासून तिथल्या नगररचनेची सूत्रं अर्न्स्ट माय या वास्तुकाराकडे होती आणि पाच वर्षांत शहराने हजारो परवडणारी घरं बांधली. त्या घरांचं स्वयंपाकघर रचण्याचं काम आलं मार्गारेटे लिहोत्स्कीकडे (लग्नानंतर शुट्टे-लिहोत्स्की). व्हिएन्नात वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी ती एक.

तिने १९२६ मध्ये जे केलं त्याला आज आपण मोड्युलर किचन म्हणतो. खोली १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे साधारण सव्वासहा बाय अकरा फूट. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होतं, जिथे दोन माणसं एवढ्याशा जागेत शंभर जणांचं जेवण काढतात. पीठ ठेवायचा कप्पा ओक लाकडाचा, कारण त्यात किडे होत नाहीत. साखर, तांदूळ, डाळींसाठी ॲल्युमिनिअमचे खण, ज्यांच्या तोंडाने माल सरळ भांड्यात ओतता येतो. छताला रुळावर सरकणारा दिवा. इस्त्रीची फळी भिंतीत दुमडलेली. रंग निळसर, कारण निळ्यावर माशा बसत नाहीत असं तेव्हा मानत. चिरायच्या टेबलातच कचरा ढकलायची खाच. या टेबलासमोर खिडकी. आणि टेबलापाशी एक फिरतं, वरखाली होणारं स्टूल.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली आणि त्यांचा खर्च भाड्यातच धरलेला होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्टूल. ते ठेवणारीला माहीत होतं की भाजी निवडायला, चिरायला उभं राहायची गरज नाही. बसून होतं ते काम बसून करावं. उंची माणसानुसार बदलावी.

आता दुसरी बाजू. लिहोत्स्कीने पुढे स्वतःच सांगितलं की हे स्वयंपाकघर रचण्यापूर्वी तिने कधी घर चालवलं नव्हतं. तिचा आधार होता मोजमापाचा. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी कारखान्यात कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजतात तशा घरकामाच्या हालचाली मोजल्या होत्या आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं होतं. लिहोत्स्कीने ते वाचलं होतं. त्यामुळे फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरात पावलं वाचली, पण जागा एकाच माणसाची उरली. दुसरं कुणी मदतीला आलं तर कोपर लागतं. सरकत्या दारातून बाहेर खेळणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवता येतं, पण आत असणार ती एकटी, आणि ती बाईच असणार, हे धरूनच सगळं आखलेलं. तिचे श्रम वाचवले. ते श्रम तिचेच का, हा प्रश्न नकाशात नव्हता.

बाउहाउसमध्येही फार वेगळं नव्हतं. तिथे मुलींना प्रवेश होता, पण बऱ्याच जणींना विणकामाच्या विभागाकडे वळवलं जाई. १९२३ मध्ये वायमारला बाउहाउसने जे नमुन्याचं घर बांधलं, त्यातल्या सलग ओट्याच्या स्वयंपाकघराच्या रचनेत विणकाम विभागातल्या एका विद्यार्थिनीचा वाटा होता. तिचं नाव बेनिटा ओटे. हा निव्वळ योगायोग आहे, पण मराठी वाचकाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हिंगण्याची बाई अमेरिकेत

फ्रेडरिकबाई ज्या काळात अमेरिकन गृहिणींना पावलं मोजायला शिकवत होत्या, त्याच काळात तिथल्या घरांमध्ये आमच्या भागातली एक बाई घरकाम करत होती.

कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम १९०० मध्ये पुण्याबाहेर इथे आणला, तेव्हा इथे माळरान होतं. पहिली इमारत म्हणजे एक साधी झोपडी. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि इथून रोज चालत जायचे-यायचे. ती झोपडी संस्थेने आजही जपली आहे. तिला कुणी आधुनिक वास्तू म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण ती बांधताना आधी ठरलं होतं की आत कोण राहणार आणि त्यांना काय करता आलं पाहिजे. वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत ज्यांचं आयुष्य संपल्यात जमा होतं त्यांना शिकता आलं पाहिजे. युरोपातले वास्तुकार वीस वर्षांनी ज्या मुद्द्यावर आले तो हाच: घर कुणासाठी आणि कशासाठी, हे आधी, ते दिसतं कसं, हे नंतर.

याच आश्रमात शिकलेल्या आणि त्याचं काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले, कर्व्यांच्या मेहुणी, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी मदत मिळवायची म्हणून. तिथे पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. १९२८ मध्ये आलेल्या 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितलं आहे.

आधुनिक स्वयंपाकघराचे इतिहास वाचले की त्यात मोजणारी बाई भेटते, रचणारी भेटते, जाहिरातीतली हसरी मालकीण भेटते. पार्वतीबाईंसारखी भेटत नाही. फ्रेडरिकबाईंचं शास्त्र मुळात नोकर न ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय घरासाठी होतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पैसे घेऊन राबणारी बाई त्या हिशेबात बसत नाही. ही गळती पुढे आपल्याकडेही तशीच आली.

आरसीसी पुण्यात येतं

आपल्याकडे आधुनिक घर आलं ते प्रामुख्याने मुंबईमार्गे आणि सिमेंटच्या गोण्यांवर बसून. बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा 'सूना महल' (१९३७) हा गजानन बाबुराव म्हात्रे या मराठी वास्तुकाराचा. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हटलं. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या मिळून एसीसी झाली. १९३७ मध्ये वास्तुकारांच्या संघटनेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. आधुनिक घर आता बघायची आणि विकत घ्यायची गोष्ट झाली.

पुण्यातला माणूस यात कुठे दिसतो? दिसतो, आणि अगदी पुणेरी पद्धतीने: पुस्तक लिहून. आर. एस. देशपांडे या अभियंत्याने पुण्यातून घरबांधणीवर पुस्तकं काढली. १९३५ चं 'चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया', १९३९ चं 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया'. नावातच सगळं आलं. स्वस्त, निरोगी आणि मध्यमवर्गासाठी. फ्रँकफुर्टच्या यादीत कामगार होता, पुण्याच्या यादीत मध्यमवर्ग आला. हा एक शब्द बदलला आणि चळवळीचा पत्ताच बदलला.

डेक्कन, प्रभात रोड, एरंडवण्याच्या जुन्या बंगल्यांत ती आधुनिकता अजून कुठे कुठे दिसते. गोलाकार बाल्कनी, जहाजासारखे कठडे, खिडक्यांवर लांब छज्जे. छज्जा ही चांगली भर होती. युरोपातली उघडी काच आपल्या उन्हात आणि पावसात टिकली नसती, ते इथल्या बांधणाऱ्यांनी ओळखलं. पण जुन्या शहरी इमारतींच्या मागे एक लोखंडी गोल जिनाही दिसतो. तो संडास साफ करायला येणाऱ्यांसाठी. दर्शनी भागातून नक्षी गेली, जात मागच्या जिन्याने चढत राहिली. नकाशावर तीही स्वच्छ रेघांत काढलेली होती.

आणि या सगळ्यात ओटा आला. वाड्यात चूल जमिनीवर. बाई उकिडवी किंवा पाटावर बसलेली, डोळ्यांत धूर, हातात फुंकणी. सोवळ्याचे नियम, पाळीच्या दिवसांत बाहेर. शेगडी, रॉकेलचा स्टो, मग गॅस, असं करत करत विस्तव कमरेच्या उंचीवर आला. हे छोटं समजू नये. धूर गेला, कंबर सरळ झाली, आणि उभ्या स्वयंपाकघराबरोबर सोवळंही हळूहळू सैल झालं. माझी आजी कडाप्प्याच्या ओट्याबद्दल बोलायची तेव्हा घरात वीज आल्यासारखं बोलायची. ज्यांना चुलीचा रोमान्स वाटतो त्यांनी महिनाभर फुंकणी फुंकून बघावी.

आपण काय घेतलं, काय सोडलं

मग तक्रार कसली? तक्रार अर्धवट उसनवारीची आहे.

आपण फ्रँकफुर्टकडून ओटा घेतला, खण घेतले, ट्रॉल्या घेतल्या. स्टूल सोडलं. समोरची खिडकी सोडली. स्वयंपाकघराचा खर्च भाड्यात धरणारी नगरपालिका सोडली. सोडलेल्या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे: त्या विकता येत नाहीत. उजेडाकडे तोंड असलेली भिंत हॉलला किंवा बेडरूमला दिली की फ्लॅटचा भाव वाढतो, म्हणून सिंक डक्टकडे जातं. ओट्याची उंची सगळीकडे एकच ठेवली की काम पटापट होतं, म्हणून आईला पाट लागतो. त्यातून आपला स्वयंपाक लाटण्याचा. पोळी लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागतो, त्यासाठी पृष्ठभाग खाली हवा. नुसतं चिरायला आणि ढवळायला जी उंची चालते ती लाटायला चालत नाही.

हा दोष फक्त बिल्डरांचा आहे असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. आधुनिकतेच्या पोटातच तो होता. ल कॉर्ब्युझिएने पुढे मोजमापाची जी पद्धत बसवली तिचा आदर्श माणूस होता सहा फुटी पुरुष, १.८३ मीटरचा. मोजणं हे या चळवळीचं बळ होतं आणि एकदा मोजून झालं की परत न विचारणं हा तिचा दोष. 'पुष्कळांसाठी' बांधताना तिने पुष्कळांची सरासरी काढली, आणि सरासरीत माझी आई बसत नाही.

आणखी एक जण बसत नाही. आमच्या ड्राय बाल्कनीत जमिनीलगत नळ आहे. भांड्यांना येणाऱ्या मावशी तिथे उकिडव्या बसून भांडी घासतात. आजीची कंबर १९७० मध्ये सरळ झाली, मावशींची अजून वाकलेली आहे, त्याच फ्लॅटमध्ये, आईच्या ओट्यापासून चार फुटांवर. नव्या प्लॅनमध्येही तो नळ खालीच आहे. मी प्लॅन तीनदा बघितला तेव्हा माझ्या हे लक्षात आलं. आधी दोनदा नाही आलं. त्यामुळे दुसऱ्यांच्या नजरेबद्दल मी फार मोठ्याने बोलू शकत नाही.

तरीही मला या चळवळीला मोडीत काढायचं नाही. तिच्यावरची टीका आज बहुतेक वेळा दोन टोकांची असते. एक म्हणतं, हे सगळं परकं, आपला वाडाच बरा. वाडा कुणासाठी बरा होता हे ते सांगत नाही. दुसरं तिला निव्वळ शैली समजतं आणि बेज रंगाच्या भिंतीला आधुनिक म्हणतं. माझा मुद्दा वेगळा आहे. तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि अजून अर्धा पडून आहे. तिच्यातल्याच काहींनी तो पुढे नेला होता. मॉस्कोत १९३० च्या सुमारास बांधलेल्या नार्कोमफिन इमारतीत काही घरांना मुद्दाम पूर्ण स्वयंपाकघर दिलं नव्हतं. एक सामाईक स्वयंपाकघर होतं, म्हणजे प्रत्येक बाईने प्रत्येक घरात वेगळं रांधू नये. तो प्रयोग टिकला नाही. वरून लादलेलं जेवण फार काळ गोड लागत नाही. पण कर्वेनगरच्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी सातला पोळीभाजी केंद्रासमोरची रांग बघा. त्या आठ बाय दहाच्या गाळ्यात तिघी-चौघी लाटत, भाजत, गप्पा मारत असतात. कुठल्याही जाहीरनाम्याशिवाय सामाईक स्वयंपाकघर आलेलंच आहे, फक्त त्याचा नकाशा कुणी नीट काढलेला नाही. तिथेही स्टूल नाही आणि हवा नाही.

नकाशा काढू शकतील अशा मुली मात्र इथेच आहेत. कर्व्यांच्या संस्थेने १९९४ मध्ये याच आवारात मुलींसाठी वास्तुकलेचं महाविद्यालय काढलं, भानुबेन नानावटी महाविद्यालय. रोल केलेले ड्रॉइंग शीट पाठीला लावून स्कूटीवरून जाणाऱ्या त्या मुली आम्ही रोज बघतो. व्हिला साव्हॉय त्यांना अभ्यासाला असेलच. माझी इच्छा एवढीच आहे की झोपडी आणि पोळीभाजी केंद्र यांचंही मोजमाप कुणीतरी घ्यावं, मोजल्या जाणाऱ्या बाईला विचारून.

आमच्यापुरतं सांगायचं तर आईने सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. तीन गोष्टी कागदावर लिहून नेल्या होत्या: सिंकसमोर खिडकी, ओट्याचा एक भाग लाटण्यासाठी खाली, आणि ड्राय बाल्कनीतला नळ उभ्याने वापरता येईल असा. तिसरी तिने स्वतःहून घातली होती, मी सांगितली नव्हती. कुणीतरी म्हणालं, काकू, हे नंतर इंटिरिअरमध्ये बघता येईल. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, नाही, आत्ताच बघायचं. मग आणखी दोघी बोलल्या.

आर्किटेक्टचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. खिडकी जमू शकेल, त्यासाठी हॉल दीड फुटाने कमी होईल. ओट्याचं 'साइटवर बघू'. नळाबद्दल काही लिहिलेलं नाही. दीड फुटावर मतदान रविवारी आहे.